मुलांना कोणत्या शाळेत घालावे?
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो असा : 'राज्याचे शिक्षण धोरण आणि शाळेची निवड'. विषयाचे नाव ऐकूनच आमच्या घरातले हसले. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. १९९४ साली लग्न होऊन खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून इथे नाचियार्कोविलला आले, ती गलाईच्या घरात. मूस, भट्टी आणि तेजाबाचा वास एवढीच तेव्हा या गावाची ओळख. तमिळ शिकले ती शेजारच्या समया घडवणाऱ्या घरातल्या अक्कांकडून, आणि लिहायला शिकले ती मुलांच्या पहिलीच्या पुस्तकावरून. पुढे अर्ज भरता येऊ लागले, म्हणून एप्रिल-मे महिन्यात आपल्या लोकांची आमच्या ओसरीवर रांग लागू लागली. वीस-बावीस वर्षे मी हे अर्ज भरते आहे. तेवढ्या अधिकारावर बोलते.

रांगेतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. "वहिनी, पोराला कुठं घालू?" आणि पोरीचे काय, असे विचारले की उत्तर येते, "ती काय, जवळच्या सरकारी शाळेत जाईल की." हे गाव कोणाचे आहे ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. इथे देवळात पेरुमाळापेक्षा नाचियारचा मान आधी. गरुडसेवेच्या दिवशी दगडी गरुड आधी चौघे उचलतात, मग आठ, मग सोळा, आणि सगळे त्या देवीच्या मागून चालतात. त्याच गावात राहून आपण मुलीची शाळा शेवटी ठरवतो. यावर मी पुढे येणारच आहे, कारण गेल्या काही वर्षांत सरकारी धोरणाने या बाबतीत मोठी गंमत केली आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की मराठी माणूस इकडे सोने गाळायला आला आणि शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. तंजावरचे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. त्यांनी वाड्यात नवविद्याकलानिधी नावाची शाळा चालवली, छापखाना घातला, आणि त्या छापखान्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे लहान मुलांचे मराठी पुस्तक निघाले. पुण्या-मुंबईत मुलांसाठी छापील मराठी पुस्तक मिळत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. ओरतनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना जेवण होते, दवापाणी होते आणि मुलांना शाळाही होती. आणि आपल्या कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड अज्ञान होते त्या काळात बडोद्याचा कारभार माधवरावांनी पाहिला. त्याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू केले. देशात कायद्याने मोफत व सक्तीचे शिक्षण मिळायला २०१० साल उजाडले. म्हणजे शंभराहून जास्त वर्षे.

आता इकडची गोष्ट. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी होते. त्यांनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली : मुलांनी रोज तीन तास शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांच्या धंद्यात हात घालायचा. शाळा कमी, मुले जास्त, पैसा नाही, यातून काढलेली ती वाट होती. पण लोकांनी त्याला नाव दिले 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण. सोनाराच्या पोराने सोनारच व्हायचे आणि भट्टीवाल्याच्या पोराने भट्टीच फुंकायची, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि राज्यभर रान उठले. १९५४ साली राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि त्यांनी ही योजना रद्द केली. दोन वर्षांनी, १९५६ साली, त्यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठे केले, आणि सप्टेंबर २०२२ पासून सकाळचा नाष्टाही मिळू लागला.

मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या गलाईच्या धंद्यात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गावाकडून आणून दुकानात बसवण्याची रीत होती. कुठे कुठे अजून आहे. त्याला कोणी सरकारी योजना म्हणत नाही, पण राजाजींची अर्ध्या दिवसाची शाळा आणि आपली रीत यात फरक असला तर एवढाच, की राजाजी तीन तास तरी शाळा देत होते. आमच्या शेजारचे समईवाले अण्णा इथे बसले आहेत. त्यांच्या घरात ओतकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले. पण मुलगा बारावी झाल्याशिवाय साच्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. कला गेली का? गेली नाही.

आता मूळ प्रश्न, कोणती शाळा. आपल्यासमोर साधारण चार वाटा असतात : सरकारी किंवा अनुदानित शाळा, मॅट्रिक्युलेशन शाळा, सीबीएसई शाळा, आणि चौथी म्हणजे पोराला आजी-आजोबांकडे गावी ठेवणे.

मॅट्रिक्युलेशनबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तो आधी काढू या. पूर्वी तमिळनाडूत राज्य मंडळ, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन आणि ओरिएंटल अशी चार वेगळी मंडळे होती. मॅट्रिक्युलेशन शाळा मुळात मद्रास आणि मदुराई विद्यापीठांच्या अखत्यारीतल्या. त्यांची पुस्तके वेगळी, परीक्षा वेगळी. २०१० साली 'समच्चीर कल्वी'चा, म्हणजे समान शिक्षणाचा कायदा झाला आणि चारही मंडळांना एक अभ्यासक्रम आला. पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली, बाकीचे वर्ग २०११ साली यायचे होते. मधे सरकार बदलले. नव्या सरकारने तो पुढे ढकलायचा घाट घातला, प्रकरण न्यायालयात गेले. त्या जूनमध्ये शाळा उघडल्या पण पुस्तके वाटली नाहीत. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समान अभ्यासक्रम लागू करा, तेव्हा कुठे पुस्तके पोरांच्या हातात आली. दोन महिने शिक्षकांनी गाणी, चित्रे आणि खेळ यांवर काढले. राजकारणात कोण जिंकले ते मला सांगायचे नाही. दप्तर रिकामे होते ते आपल्या पोरांचे.

तर तेव्हापासून 'मॅट्रिक्युलेशन' हे नाव पाटीवर उरले आहे. दहावीचे पुस्तक तेच, परीक्षा तीच. फरक राहिला तो माध्यमाचा, इमारतीचा, बसचा, बुटांचा आणि फीचा. यातल्या काही फरकांना किंमत आहेच, मी नाही म्हणत नाही. शिक्षक रोज वर्गात येतात का, हा तर फारच मोठा फरक. पण "मॅट्रिकचा अभ्यास वरचा असतो" म्हणून कोणी कर्ज काढत असेल तर त्याने आधी दोन घरांतली दहावीची पुस्तके शेजारी ठेवून बघावीत. इंग्रजी माध्यम हवे असेल तर २०१२-१३ पासून पुष्कळ सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या निघाल्या आहेत. फीबद्दलही एक सांगते. तमिळनाडूत २००९ च्या कायद्याने खासगी शाळांची फी एक समिती ठरवते, तिच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असतात. प्रत्येक शाळेची ठरवलेली फी जाहीर होते. पण आपल्यातला एक जणही प्रवेशाच्या वेळी "समितीने ठरवलेली फी किती?" असे विचारत नाही. परगावचा माणूस म्हणून आपल्याला संकोच वाटतो. सोन्याचा टंच काढताना नाही वाटत!

इथे कुंभकोणममध्ये उभे राहून शाळेच्या निवडीवर बोलायचे आणि १६ जुलै २००४ बद्दल गप्प राहायचे, हे मला जमणार नाही. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शहरातल्या एका खासगी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली. ९४ मुले गेली. एका इमारतीत तीन शाळा भरत होत्या, जिना अरुंद होता. त्या संध्याकाळी आपल्या गावातली दुकानेही उघडी राहिली नव्हती. दर वर्षी त्या तारखेला आई-बाप अजूनही मेणबत्त्या लावतात.

त्या मुलांच्या आई-बापांनीही शाळा निवडलीच होती. घराजवळ आहे, फी परवडते, शिक्षक ओळखीचे आहेत, एवढे पाहिले होते. आपण काय वेगळे पाहतो? छप्पर, जिना, दरवाजा बाहेरच्या बाजूने उघडतो की आत, हे बघणे आई-बापाचे काम नाही असे आपल्याला वाटते, आणि खरे तर नाहीच. ते सरकारच्या तपासनिसाचे काम. म्हणून 'शाळा निवडीचे स्वातंत्र्य' हा शब्द कोणी फार मोठ्याने उच्चारला की मला ती आग आठवते. गिऱ्हाईक चोखंदळ असले की माल सुधारतो, हे आपल्या पेठेत खरे असेल. पण खोटे सोने कसावर लगेच कळते, आणि जिना अरुंद आहे हे कळते ते आग लागल्यावर. आगीनंतर राज्यातल्या शाळांची झावळ्यांची छपरे काढायला लावली. १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच दुर्घटनेवरून निकाल दिला, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. शाळेत गेल्यावर अग्निशमनाचे प्रमाणपत्र आणि इमारतीचा परवाना कुठे लावला आहे तो बघा. नसेल दिसत तर विचारा. विचारायला तमिळ येत नसेल तर मला न्या.

आता दुसरी बाजू. खासगी शाळेत गरिबाच्या पोराला घालायचे तर सरकारने त्याची फी भरावी, मग आई-बाप चांगली शाळा निवडतील आणि वाईट शाळा आपोआप सुधारतील, हा विचार जुना आहे. चिली देशाने १९८१ साली तसे केले, स्वीडनने १९९२ साली. चिलीमध्ये पुढे असे झाले की शाळाच मुले निवडू लागल्या, आणि २०१५ साली त्यांना कायदा करून ते थांबवावे लागले. पण चिली लांब आहे, आपण शेजारच्या आंध्रात जाऊ. तिथे २००८ पासून १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची खासगी शाळेची फी भरली. चार वर्षांनी परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती, कारण सरकारी शाळेत हिंदी फारशी शिकवतच नव्हते. मग खासगी शाळा वाया गेल्या म्हणायचे का? तसेही नाही, कारण एका मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, आणि गणित-तेलुगूला वेळही त्यांनी कमी दिला होता. म्हणजे थोड्या पैशात तेवढेच शिकवले. हा हिशेब सरकारने बघावा असा आहे. पण आपल्या रांगेतल्या बापाचा हिशेब वेगळा. त्याला पोरगा काय शिकला हे हवे, आणि तिथे उत्तर आहे, की नुसती शाळा बदलल्याने गणित सुधारत नाही.

आपल्याकडे हीच कल्पना शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांच्या रूपाने आली. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. विनाअनुदानित खासगी शाळेने पहिल्या वर्गातल्या चौथ्या हिश्शाच्या जागा जवळच्या गरीब मुलांना द्यायच्या आणि त्यांची फी सरकारने शाळेला द्यायची. अल्पसंख्याकांच्या शाळांना यातून २०१४ च्या निकालाने सूट मिळाली. तमिळनाडूत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला दोन लाख रुपये ठेवली गेली. दुकानात पगारावर काम करणारे आपले पुष्कळ कारागीर या मर्यादेत बसतात, पण अर्ज करतात ते हातावर मोजण्याइतके. कोणाकडे इथला राहण्याचा पुरावा नसतो, कोणाचा जन्मदाखला विट्यात असतो, आणि कोणाला वाटते की हे आपल्यासाठी नाही, इथल्या लोकांसाठी आहे. आपण इथले लोक नाही तर कुठले? तीस-तीस वर्षे झाली.

आणि या जागांचाही भरवसा राज्य आणि केंद्राच्या भांडणात कसा लटकतो ते आपण २०२५ साली पाहिले. तमिळनाडूने पीएमश्री योजनेच्या करारावर सही केली नाही, कारण त्याच्यासोबत राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि तिसरी भाषा येते, असे राज्याचे म्हणणे. केंद्राने समग्र शिक्षेचे २,१५२ कोटी रुपये अडवले. मग राज्य म्हणाले, खासगी शाळांना द्यायला पैसे नाहीत, आणि त्या उन्हाळ्यात २५ टक्क्यांचे अर्ज सुरूच झाले नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. प्रवेश सुरू झाले ते ऑक्टोबर महिन्यात. जूनमध्ये शाळा उघडल्या होत्या. ज्यांना परवडले त्यांनी तोपर्यंत फी भरून टाकली होती, ज्यांना परवडले नाही त्यांनी पोराला दुसरीकडे घातले होते. आमच्या ओसरीवर त्या वर्षी मे महिन्यात रोज कोणी ना कोणी विचारून जायचे, "वहिनी, उघडलं का?"

भाषेचे भांडण मात्र आपण हसण्यावारी नेऊ नये. जानेवारी १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने विधानसभेत ठराव केला, तेव्हापासून इथल्या सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा. २००६ च्या कायद्याने पहिलीपासून तमिळ सक्तीची झाली, वर्षाला एक इयत्ता करत ती दहावीपर्यंत गेली, आणि २०१४ च्या आदेशाने सीबीएसईसारख्या इतर मंडळांच्या शाळांनाही ती लागू झाली. ८ ऑगस्ट २०२५ रोजी राज्याने न्यायमूर्ती मुरुगेसन समितीच्या अहवालावरून स्वतःचे राज्य शिक्षण धोरण जाहीर केले. त्यातही दोनच भाषा, आणि अकरावीची सार्वजनिक परीक्षा रद्द. आपल्या काही मंडळींना ही तमिळची सक्ती खटकते. मला नाही खटकत. ज्या गावात पोट भरायचे तिथल्या भाषेत पोराला तक्रार लिहिता आली पाहिजे. आणि बघा, २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, जूनमध्ये तो बदलला, आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. त्या आठवड्यात आमच्या दुकानातले अण्णा लोक चहा पिताना मिस्किलपणे म्हणाले, "काय, तुमच्याकडेही?"

खरी अडचण वेगळी आहे. आपली मुले घरात मराठी बोलतात, पण सरकारी किंवा मॅट्रिक्युलेशन शाळेत देवनागरी अक्षर त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. सीबीएसई शाळेत हिंदी किंवा संस्कृतच्या निमित्ताने ते येते, म्हणून काही घरे तिकडे जास्त फी भरून जातात. आजीचे पत्र वाचता यावे यासाठी वर्षाला एवढे हजार रुपये! मला हा सौदा महाग वाटतो. देवनागरी शिकवायला रविवारचा एक तास पुरतो. याच मांडवात गेली पाच वर्षे आपण तो घेतो आहोत, आणि मागच्या वर्षी आरतीची पुस्तिका दोन मुलींनी न अडखळता वाचली, त्या दोघी तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेतल्या.

आता मुलींची गोष्ट. आपण मुलाला फी भरून इंग्रजीत घालत होतो आणि मुलीला फुकटच्या सरकारी शाळेत. मग २०२० साली राज्याने कायदा केला : सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा. पुढच्या वर्षी अभियांत्रिकीलाही तेच झाले, आणि या जागांवरच्या मुलांची फी सरकारने उचलली. ५ सप्टेंबर २०२२ रोजी 'पुदुमैप् पेण्' योजना आली. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून कॉलेजला गेलेल्या मुलीच्या खात्यावर दरमहा एक हजार रुपये. पुढे अनुदानित शाळांतल्या तमिळ माध्यमाच्या मुलींनाही ते लागू झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून मुलग्यांसाठीही तशीच योजना निघाली. झाले काय, तर ज्या मुलींच्या शाळेचा आपण विचारच केला नव्हता त्यांच्यापुढे दार उघडले, आणि ज्यांच्यासाठी कर्ज काढले ते मुलगे दाराबाहेर राहिले. आपल्याच ओळखीच्या एका घरात बहीण कुंभकोणमला कॉलेजात गेली, हजार रुपये स्वतःच्या नावाने घेते. भाऊ म्हणतो, "मला का नाही घातलं सरकारी शाळेत?" बापाकडे उत्तर नाही. बहिणीला मात्र मी विचारले, तर म्हणाली, "काकू, मला तेव्हा इंग्रजी शाळेची बस बघून रडू यायचं." ते रडूही खरे होते. सरकारी योजनेने नंतर फायदा झाला म्हणून आपण तेव्हा केलेला भेदभाव योग्य ठरत नाही.

पण आता ही अट लक्षात ठेवा : सहावी ते बारावी, सलग. सातवीत खासगी शाळेत नेले आणि नववीत परत आणले की ते गेले. पाचवीच्या उन्हाळ्यात निर्णय करायचा असतो. आपण तो दहावीनंतर करतो.

तसेच चौथ्या वाटेचे, म्हणजे गावी ठेवण्याचे. भावनेने ते बरे वाटते. जिल्हा परिषदेची शाळा, मराठी, आजी-आजोबा, यात वाईट काही नाही. पण वैद्यकीय प्रवेशाचे नियम बघा. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून जागा हवी तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून लागते, सोबत अधिवास दाखला. इकडे सहावी ते बारावी तमिळनाडूत झालेली असली तर इथला म्हणून धरतात. आपल्यातला एक मुलगा दहावी इकडे आणि बारावी तिकडे झाला. तिकडचे म्हणाले दहावी कुठे आहे, इकडचे म्हणाले बारावी कुठे आहे. गुण चांगले होते. दोन राज्यांच्या मधे पडला. शेवटी त्याने बी.एस्सी. केले, चांगली नोकरी लागली, पण त्याच्या आईला अजून त्या कागदांची आठवण निघाली की बोलवत नाही. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय गावचे तिकीट काढू नका. जातीच्या दाखल्याचा प्रश्न याहूनही गुंतागुंतीचा आहे, त्यावर एखाद्या वकिलांना बोलवावे असे मी समितीला सुचवते.

मग वहिनी, शेवटी कुठं घालू? माझे मत विचाराल तर पाचवीपर्यंत घराजवळची, छप्पर धड असलेली आणि शिक्षक रोज येणारी शाळा, मग पाटी कोणतीही असो. सहावीला सरकारी किंवा अनुदानित शाळा, मुलगा असो की मुलगी, दोघांना एकच. वाचलेल्या फीतून संध्याकाळची गणिताची शिकवणी लावा. रामानुजन शिकले ती आपल्या कुंभकोणमची टाऊन हायस्कूल ही साधी गावातलीच शाळा होती. माझे हे मत सगळ्यांना पटणार नाही. आमच्याच घरात पटत नाही! ज्यांचा धंदा फिरता आहे, दोन-चार वर्षांनी केरळात किंवा आंध्रात जावे लागते, त्यांनी सीबीएसई घ्यावे, कारण राज्य बदलले तरी पुस्तक बदलत नाही. त्यांना माझा सल्ला लागू नाही.

एक-दोन कामाच्या गोष्टी सांगून बसते. शाळा बदलताना फी थकली म्हणून दाखला अडवला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंत दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयानेही सांगितले की थकलेल्या फीसाठी दाखला वेठीस धरायचा नाही. थकबाकी शाळेने वेगळी मागावी. दुसरे, आपल्या प्रत्येक मुलाला शाळेच्या संगणकावर एक ईएमआयएस नंबर असतो. तो लिहून घ्या, आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळते का पाहा. आपल्या आडनावांचे इथे काय काय होते ते तुम्ही जाणताच. एका पोराचे आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने आहे.

ज्यांची मुले यंदा पाचवीत आहेत त्यांनी आरतीनंतर थांबावे. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि घरभाड्याचा करार यांच्या झेरॉक्स आणाव्यात, मूळ कागद आणू नयेत. समईवाल्या अण्णांच्या सूनबाई तमिळ अर्ज तपासून देणार आहेत, त्या स्वतः सरकारी शाळेत शिक्षिका आहेत. आणि मुलाला व मुलीला दोघांनाही सोबत आणा, दोघांचे अर्ज एकाच दिवशी भरू.